दोन्ही बाजूंचे साहेब

बाहेरच्या एखाद्या माणसाला आमच्या ऑफिसात उभं करून 'यातला पर्सोनेल मॅनेजर ओळखा' असं सांगितलं असतं, तर तो नक्की चुकला असता. साहेबांच्या टेबलावर काही म्हणजे काही नसायचं. फाइल नाही, पेन नाही, बायकोचा फोटो नाही, बँकेने फुकट दिलेलं कॅलेंडरसुद्धा नाही. केबिनचं दार सताड उघडं आणि साहेब खुर्चीत खिडकीबाहेर बघत बसलेले. खिडकीबाहेर बहारीनच्या सित्रा बेटावरचा कारखान्यांचा पट्टा, म्हणजे पिवळी धूळ, रिफायनरीची धुराडी आणि कामगारांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस. त्यात दिवसभर बघण्यासारखं काय होतं, ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

मी अकाउंट्सला, ते पर्सोनेलला, मध्ये एक काचेचं पार्टिशन. माझं तोंड आवरत नाही हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे. एकदा विचारलंच, "साहेब, तुम्ही दिवसभर नक्की काय करता?"

"काही नाही," ते म्हणाले. "अवघड काम आहे. सुरुवातीची दोन वर्षं मला जमत नव्हतं."

मला वाटलं, थट्टा करतायत. नव्हते करत. माणसांवर ज्याने राज्य करायचं त्याने शक्यतो हात आखडता घ्यावा, तो जितका लुडबुड करेल तितका गुंता वाढतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीच्या चीनमधून आणलेलं होतं आणि ते बहारीनमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, वेल्डर, फिटर आणि मचाण बांधणाऱ्यांवर वापरत होते. आमच्याकडे ईद, ओणम आणि गणपती यांच्या रजांवरून दरवर्षी महाभारत व्हायचं. साहेब आल्यावर त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक टोळीने रजा आपसात ठरवाव्यात, आपण डोळे मिटून सही करू. पहिल्या वर्षी दोन सुतार एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि साहेबांना वरून चांगलीच बोलणी बसली. दुसऱ्या वर्षापासून मात्र लोकांनी आपले आपण नियम बांधले. कोणाच्या घरी लग्न, कोणाची आई आजारी, कोण मागच्या वर्षी गेला नव्हता, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. भांडणं संपली. साहेबांनी त्याबद्दल छाती फुगवली नाही, पण त्या महिन्यात ते खिडकीबाहेर जरा जास्त खुशीत बघत होते.

आणखी एक खूळ म्हणजे आपली आवड कोणाला कळू द्यायची नाही. वरच्या माणसाची आवड कळली की खालचे सगळे तीच आवड पांघरून फिरतात आणि मग खरा कोण ते कळत नाही, हेही चीनमधलंच. म्हणून साहेब एक दिवस साखरेचा चहा घेत, एक दिवस बिनसाखरेचा. क्रिकेटची मॅच लागली की दोन्ही संघांच्या चौकारांना सारखीच मान हलवत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यावर म्हणायच्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, यांना कारलं आवडतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मी आठवड्यातून एकदा करते. आवडत असेल तर चांगलं, नसेल तर शिक्षा."

साहेब मूळचे साताऱ्याकडचे, शिक्षण पुण्यात. चीनचा नाद लागला तो नोकरीमुळे. तरुणपणी कंपनीने त्यांना तिथल्या एका बंदरावर सहा महिने धाडलं होतं. मजूर पोचवायचे, परत आणायचे, असं काम. तिथे दुभाष्या म्हणून एक निवृत्त शाळामास्तर होते. रविवारी दोघांनाही काही उद्योग नसे, तेव्हा मास्तर यांना जुन्या गोष्टी सांगत. मोठं साम्राज्य कोसळलेलं, त्याचे तुकडे झालेले, एक घराणं जातंय, दुसरं येतंय, आणि या धामधुमीत दरबारी नोकरीतली काही माणसं एकत्र बसून वाद घालतायत, की राजा असतोच कशासाठी, चांगलं वागणं हे शिकवलेलं असतं की आतून उगवतं, आणि वाकड्या माणसाचा पगार खाऊन सरळ राहता येतं का. सहा महिन्यांनी साहेब परत आले, पण तो नाद काही सुटला नाही. पुढे इंग्रजी भाषांतरं गोळा करून वाचत राहिले. चिनी भाषा त्यांना धन्यवादापलीकडे येत नव्हती.

"त्यांचंच का एवढं?" मी विचारलं होतं. "आपल्याकडे कमी का झाले विचार करणारे?"

"आपले बहुतेक संन्यासी," साहेब म्हणाले. "संन्याशाने विचार केला त्यात काय मोठं? त्याला सकाळी कामावर हजेरी लावायची नसते. हे लोक नोकरदार होते. शब्द चुकला तर मुंडकं जायचं. तरी विचार करायचे. मला आपल्यातले वाटतात."

ते त्या माणसांबद्दल शेजाऱ्यांसारखं बोलायचे. 'परवा एक जण म्हणत होता' असं त्यांनी सुरू केलं की परवाचा तो माणूस तिसऱ्या शतकातला आहे हे आम्ही गृहीतच धरायचो. वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अहो, चीनमधून येताना कोथिंबीर घेऊन या."

त्यांचं घर हूरा नावाच्या वस्तीत, एका हॉटेलच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. शुक्रवारी सकाळी तिथे आमची पाच-सहा माणसांची बैठक जमायची. सुट्टीचा दिवस, खाली दुकानं अजून उघडायची असत, रस्त्यावर शांतता. वहिनींचे पोहे हे तिथे जाण्याचं खरं कारण, निदान माझ्या नवऱ्याचं तरी. पोहे झाले की साहेब कपाटामागून एक पिसांची झटकणी काढत, गुलाबी आणि हिरवी. गाडीवरची धूळ झटकायला इथे घरोघरी असते तसली. त्या काळचे चिनी लोक वाद घालताना हातात हरणाच्या शेपटीची चवरी धरत म्हणे. हरिण काही हूऱ्यात मिळेना, म्हणून झटकणी. जो ती हातात धरेल तो यजमान. त्याने आपलं म्हणणं मांडायचं, समोरच्या पाहुण्याने ते खोडायचं. आणि थोड्या वेळाने झटकणी पलीकडे द्यायची. ती पलीकडे गेली की दोघांनीही बाजू बदलायची. आतापर्यंत जे खोडत होतात तेच आता मनापासून मांडायचं, आणि असं मांडायचं की नंतर आलेल्या माणसाला तुमची मूळ बाजू कोणती ते ओळखता येऊ नये. बाजू बदलून झाल्या की दोघं मिळून पुढचं बोलायचं. बहुतेक वेळा तिथवर पोचेपर्यंत दोघंही नरम पडलेले असत.

"दुसऱ्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता येत नसेल," साहेब म्हणायचे, "तर आपली बाजू अजून आपली झालेली नाही. उसनी आहे."

एकदा विषय निघाला, राजा नसता तर काय बिघडलं असतं. त्यांच्या त्या चिनी मंडळींपैकी एकाचं म्हणणं होतं, की आधी राजा नव्हताच, लोक आपल्या विहिरी खणत होते, आपलं शेत पिकवत होते, मग दांडग्याने दुबळ्याला दाबलं आणि त्याला राज्य हे नाव दिलं. विषय ऐकताच आमच्यातले एक मुंबईकर बँकवाले उठून खिडकी लावून आले. "साहेब, आपण परदेशात आहोत, आणि इथे राजा आहे," ते हळूच म्हणाले. "राजा-बिजा हा विषय नको."

"अहो, तो राजा मरून सतराशे वर्षं झाली," साहेब म्हणाले. "त्याचं व्हिसा ऑफिस केव्हाच बंद पडलं."

तरी खिडकी शेवटपर्यंत बंदच राहिली आणि तो वाद आम्ही लग्नघरात आहेराबद्दल बोलावं तशा आवाजात घातला. झटकणी पलीकडे गेल्यावर बँकवाल्यांना राजाविरुद्ध बोलायची पाळी आली. ते इतके रंगले की शेवटी वहिनींनाच त्यांना आवरावं लागलं.

माझ्या घरातली एक गोष्टही त्या झटकणीने मिटवली. सासूबाईंना सहा महिने इकडे आणायचं की नाही, यावरून आमच्यात महिनाभर अबोला होता. साहेबांना कसं कळलं कोण जाणे, पण एका शुक्रवारी त्यांनी झटकणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आज तुम्ही मुलगा." मी नवऱ्याची बाजू मांडायला बसले, त्याला चार टोमणे मारता येतील या हेतूने. बोलता बोलता त्याच्या आईच्या रिकाम्या घराचं वर्णन करायला लागले आणि टोमणे मारायचे राहूनच गेले. पलीकडे नवरा माझी बाजू मांडत होता, की दिवसभर नोकरी करून घरी आल्यावर बाईला स्वतःच्या घरात अर्धा तास कोणी बघत नसलेला हवा असतो. हे त्याला माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं. सासूबाई आल्या, सहा महिने राहिल्या. त्याचं श्रेय मी अजून साहेबांना देते, कुठल्या सुरात ते विचारू नका.

त्या शुक्रवारांचं मी इतकं कौतुक करते आहे, तर एक गोष्टही सांगायला हवी. तिथे गेटवरचं, यार्डातलं कोणी कधी आलं नाही. मनाई नव्हती. कोणाला सुचलंच नव्हतं.

आणि गंमत अशी, की ज्या माणसाचं नाव त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळा निघायचं तो गेटवरचाच होता. इक्बालभाई, आमचे टाइमकीपर. म्हसळ्याकडचे, वीसेक वर्षं आमच्याच कंपनीत. सकाळी बसेस लागल्या की गेटशेजारच्या केबिनमध्ये उभं राहून ते शेकडो माणसांची हजेरी घ्यायचे. कोणाचा चेहरा उतरलाय, कोण रात्रभर झोपलेला नाही, ते त्यांना बसमधून उतरतानाच दिसायचं. साहेब म्हणायचे, "माणसाला नाव मिळतं ते एक, आणि त्याचा स्वभाव असतो तो दुसरा. बाप हे नाव मिळालं म्हणून कोणी बाप होत नाही, मंत्री हे नाव मिळालं म्हणून मंत्री होत नाही. त्या लोकांचा सगळा झगडा यावर होता. काही म्हणायचे, ही नावं म्हणजे बेड्या आहेत, तोडा. काही म्हणायचे, खरी नावं स्वभावातूनच उगवतात. मी नाव आणि स्वभाव एकजीव झालेला एकच माणूस पाहिला, तो आपल्या गेटवर आहे." इक्बालभाईंचं हे कौतुक आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, एक इक्बालभाई सोडून.

मग रिफायनरीचं एक मोठं काम आमच्या हातून गेलं. नवे जनरल मॅनेजर आले, चेन्नईचे, कमी बोलणारे. त्यांनी गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. मशीन आलं म्हणजे टाइमकीपर नको, हे सरळच होतं. आमच्याकडे नोकरी जाते तेव्हा एकटी जात नाही. व्हिसा जातो, त्याच्याबरोबर बायकामुलांचा व्हिसा जातो, घर जातं. इक्बालभाईंची मुलगी सना ईसा टाउनच्या भारतीय शाळेत बारावीला होती, हे आम्हाला नंतर कळलं. नोव्हेंबर चालू होता आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. अध्येमध्ये तिला उचलून म्हसळ्याला नेलं असतं तर वर्ष गेलंच असतं.

इक्बालभाईंना काढायचं की ठेवायचं, या मीटिंगला आम्ही तिघं. जनरल मॅनेजर, साहेब, आणि हिशेब लागला तर द्यायला मी. साहेबांनी जाताना माझ्याकडून पेन मागून घेतलं. स्वतःचं त्यांच्याकडे कधी नसेच. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

साहेब सुरेख बोलले. म्हणाले, "ऑगस्टात एक मचाणवाला ताप घेऊन उतरला. इक्बालने त्याला गेटवरूनच दवाखान्यात पाठवलं. मशीनने त्याला हजर लावून वर चढवलं असतं, कारण हजर तर तो होताच. गेटवर असा एक जाणता माणूस आहे म्हणून तुम्हाला आत हुकूम कमी द्यावे लागतात. तो काढलात तर त्याच्या जागी तीन सुपरवायझर आणि एक नियमावली ठेवावी लागेल, आणि तरी तो ताप कोणाला दिसणार नाही." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जनरल मॅनेजरही खुर्चीत पुढे सरकले होते.

"पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "तरी विचारतो. याच्या उलट बाजूने काही बोलण्यासारखं आहे का?"

हे वाक्य त्यांनी टाकलं नसतं तर बरं झालं असतं. मी साहेबांकडे पाहिलं, तर त्यांनी माझं पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं होतं. म्हणजे झटकणी पलीकडे गेली होती.

"आहे," साहेब म्हणाले. "त्याला ठेवलंत, तर कशासाठी ठेवाल? काम तर मशीन करणार. उरणार ती खुर्ची आणि टाइमकीपर हे नाव. नाव आहे आणि त्याखाली काम नाही, अशा माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय. तो आधी उपकाराने वाकतो, मग लाचार होतो, आणि मग आपण अजून उपयोगी आहोत हे दाखवायला दुसऱ्यांच्या चहाड्या सांगायला लागतो. दरबारच्या दरबार असे कुजले आहेत. चांगल्या माणसाला तुमच्या दयेवर बसवणं हा त्याचा अपमान आहे. आज त्याच्या हातात कसब आहे, मान ताठ आहे, दुसरीकडे उभं राहायचं वय आहे. त्याला आजच जाऊ द्यावं."

हे आधीच्यापेक्षाही चांगलं झालं. बोलून झाल्यावर साहेबांनी पेन जनरल मॅनेजरांपुढे धरलं. आमच्यापैकी कोणीही त्यांच्या जागी असता तर समजला असता, की आता यांची पाळी, आता हे बोलणार. त्यांना हूऱ्यातले शुक्रवार माहीत नव्हते. त्यांनी पेन घेतलं, "थँक यू, हेच ऐकायचं होतं," असं म्हणाले, आणि समोरच्या कागदावर सही केली.

कॉरिडॉरमध्ये येईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. "साहेब, हे काय केलंत तुम्ही?"

"त्यांची पाळी होती," साहेब म्हणाले. "दोन्ही बाजू झाल्यावर त्यांनी बोलायचं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून..."

"त्यांनी सही केली."

"हो."

"आणि उलट बाजूचं एवढं जीव तोडून कशाला बोललात?"

"अर्धवट कसं बोलणार?" ते म्हणाले. "ते खोटंही नव्हतं."

मला इतका संताप आला होता की मी वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. "हूऱ्यात हरलं की पोहे मिळतात, साहेब. इथे व्हिसा जातो." संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "आज जेवायला बसले आणि तसेच उठले. काय झालंय चीनमध्ये?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "या माणसाला मी कारलं उगीच खायला घालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नोकरी संपल्याचं पत्र घेऊन स्वतः गेटकडे निघाले. असं पत्र आमच्याकडे शिपायाबरोबर जातं, साहेब लोक जात नाहीत. मला हिशेब समजावून सांगायचा होता म्हणून मीही बरोबर गेले. इक्बालभाई फडक्याने नव्या मशीनची काच पुसत होते. ते त्यांचं काम नव्हतं, पण धूळ बसली की मशीनला चेहरे दिसेनात आणि रांग अडायची, म्हणून पुसत होते.

साहेब आडवळणाने बोलले नाहीत. "इक्बालभाई, मी काल तुमच्या बाजूने बोललो. मग तुमच्या विरुद्धही बोललो. विरुद्धचं जास्त चांगलं झालं. त्यांनी सही केली."

इक्बालभाईंनी फडकं थांबवलं नाही. "इरुद्ध काय बोललात?"

साहेबांनी शब्द न शब्द सांगितला. खुर्ची, नाव, लाचारी, चहाड्या, सगळं. मी जमिनीकडे बघत होते.

"चुकीचा काय नाय बोललात," इक्बालभाई म्हणाले. "फुकटच्या खुर्चीत मना पण बसवला नसता." त्यांनी फडक्याची घडी घातली. "पण साहेब, नोकरी मना कुठं हवी होती? मेव्हण्याचा टेम्पोचा धंदा हाय म्हसळ्याला. तो कधीचा बोलावतोय. आमचा जायचा ठरलेलाच हाय. मना फक्त मार्च हवा होता. सनाचा शेवटचा पेपर झाला की खलास, दुसऱ्या दिवशी विमानात बसलो असतो."

साहेबांच्या हातातलं पत्र हातातच राहिलं.

"तुमी दोन्ही बाजू बोललात," इक्बालभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल झाले होते. "मना एकदा इचारायचा होतात."

साहेब ऑफिसात परतले. केबिनमध्ये गेले नाहीत, सरळ जनरल मॅनेजरांच्या दारावर टकटक केली. मी मागे उभी.

"मला एक गोष्ट हवी आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून 'मला हवंय' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. "इक्बालला मार्चअखेरपर्यंत राहू द्या. मुलीची बारावीची परीक्षा आहे. नंतर तो स्वतःच जाणार आहे."

जनरल मॅनेजर पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही आलं नाही.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"मशीन सुरळीत चालायला तेवढे महिने लागणारच आहेत. तोपर्यंत कोणीतरी गेटवर लागेलच." त्यांनी ती फाइल काढायला सांगितली. मग जरा वैतागूनच म्हणाले, "हे कालच का नाही सांगितलंत? एका वाक्याचं काम होतं."

"काल मला माहीत नव्हतं."

"वीस वर्षं तुमच्याच कंपनीत आहे ना तो?"

"हो," साहेब म्हणाले.

मला नंतर अनेकांनी विचारलंय, की या माणसात तुम्ही पाहिलंत काय. एवढी वर्षं चांगलं वागणं म्हणजे काय याचा कीस काढला आणि ऐनवेळी गाडी कुठे घसरली ती बघा. मला ते पटत नाही. माझ्या ओळखीतले बहुतेक साहेब एकच बाजू बोलतात, स्वतःची, आणि ती चुकली तर शिपायाबरोबर पत्र पाठवतात. चुकल्यावर गेटवर चालत जाऊन, ज्याच्याविरुद्ध बोललो त्यालाच ते भाषण पुन्हा म्हणून दाखवणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. साहेब पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन पुण्याला गेले. तिथे रविवारी सकाळी बैठक भरते असं वहिनी फोनवर सांगतात. आता वाद सुरू करण्याआधी साहेब विचारतात म्हणे, की ज्याच्याबद्दल बोलायचं तो इथे आहे का. नसेल तर विषय बदलतात. त्यामुळे निम्मे विषय बाद झालेत आणि काही मंडळी कंटाळून यायची बंद झाली आहेत. मी त्यांच्यावर रागावले होते ते खरं, आणि मला त्यांची आठवण येते तेही खरं.

ती दुपार मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फाइलवर दुरुस्ती झाली आणि आम्ही दोघं पुन्हा गेटवर गेलो. साहेब केबिनच्या दाराबाहेरच थांबले आणि म्हणाले, "मार्चअखेर. कागद उद्या हातात येईल."

इक्बालभाईंनी आभार मानले नाहीत. खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि आमच्याकडे पाठ केली. "सनाला सांग, पेपर हितंच," ते म्हणाले. "हां. मार्चपर्यंत. खरा सांगतोय, थट्टा नाय." पलीकडून बायकोने काहीतरी विचारलं असणार. इक्बालभाईंनी मान वळवून साहेबांकडे एकदा पाहिलं. "ऑफिसातनं झाला," ते फोनवर म्हणाले. "नाय, कोणी एकानं नाय. ऑफिसातनं." मग त्यांनी सनाला फोन द्यायला सांगितलं. ती बोलायला लागल्यावर ते नुसते हुंकार देत राहिले.

नोव्हेंबर असला तरी सित्र्याचं ऊन ते सित्र्याचं ऊन. केबिनमध्ये एसी होता, पण आत या असं आम्हाला कोणी म्हटलं नाही. मी साहेबांना हळूच म्हटलं, "चला, आपलं काम झालं."

"तुम्ही व्हा पुढे," साहेब म्हणाले. "त्यांचं बोलणं होऊ दे. त्या मुलीला पुढे काय शिकायचंय, ते मला विचारायचं आहे."

मी ऑफिसात येऊन माझ्या जागेवर बसले. बऱ्याच वेळाने खिडकीतून बघितलं, तर फोन अजून चालू होता आणि साहेब दाराबाहेर उन्हात उभे होते.